मागे झुकलेले पंख आणि सबुरीचा हिशेब

रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या गावांत, ज्यातले कुणीच आखातात नाही असे घर विरळाच सापडेल. कुणाचे अब्बा कुवेतला, कुणाचा भाऊ दोहाला, कुणाची मुलगी संसार थाटून शारजाला. आपले आजे-पणजे खलाशी म्हणून बोटीवर जायचे तेव्हा त्यांची खुशाली कळायला महिने लागत. आता मुंबईला रात्रीचे जेवण आटोपून निघालेला माणूस पहाटे दुबईहून फोन करतो. या सोयीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ज्या पंखावर बसून आपण जातो त्याच्याकडे कुणी नीट पाहतही नाही. म्हणून या महिन्यात त्या पंखाबद्दलच बोलू या.

या विमानांचा पंख धडापासून सरळ काटकोनात निघत नाही, तो मागे झुकलेला असतो. घारीने सूर मारताना पंख मागे घ्यावेत तसा. इंग्रजीत त्याला ‘स्वेप्ट विंग’ म्हणतात. याउलट, लहान शहरांना जाणारी पंख्यांची एटीआर विमाने पाहा. त्यांचे पंख जवळजवळ सरळ असतात. फरक सुंदर दिसण्यासाठी केलेला नाही, वेगामुळे करावा लागलेला आहे. एटीआर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडते, आणि आखाताकडे जाणारी जेट विमाने साडेआठशे ते नऊशेने.

आवाज समुद्रसपाटीला ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर वेगाने जातो. अकरा किलोमीटर उंचीवर हवा फार थंड असते, तिथे हा वेग सुमारे १,०६० पर्यंत खाली येतो. विमानाचा वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट आहे ते ‘मॅक’ या आकड्यात सांगतात. मॅक १ म्हणजे आवाजाइतका वेग. आता पंखाची वरची बाजू फुगीर असते आणि तिच्यावरून जाताना हवेला जास्त वेगाने धावावे लागते. त्यामुळे विमान स्वतः आवाजाच्या वेगाच्या खाली असले तरी पंखावरची हवा मात्र तो वेग ओलांडते. तिथे हवेत धक्क्याची एक लाट उभी राहते, विमानाला मागे खेचणारा विरोध एकदम वाढतो, आणि वैमानिकाच्या हातातली दांडी दगडासारखी जड होते.

पंख मागे झुकवला की हे संकट पुढे ढकलले जाते. कसे, ते कळण्यासाठी आपला घाट आठवा. आंबा घाट किंवा कुंभार्ली सरळ नाकासमोर चढायचा म्हटला तर गाडीचा जीव जाईल. रस्ता डोंगराला तिरका कापत नेला की चढ तोच राहतो, पण गाडीला तो सौम्य वाटतो. तिरक्या पंखावरून जाणाऱ्या हवेचेही असेच होते. पंखाच्या कडेला काटकोनात येणारा वाऱ्याचा भागच तिथे महत्त्वाचा असतो, आणि पंख ३५ अंश मागे झुकवला तर तो भाग एकूण वेगाच्या सुमारे ८२ टक्केच उरतो. पंखाला वाटते, आपण सावकाश चाललो आहोत.

ही कल्पना पहिल्यांदा जाहीरपणे मांडली ती आडोल्फ बुझेमन या जर्मन शास्त्रज्ञाने, १९३५ साली रोम शहरात भरलेल्या एका परिषदेत. तेव्हा विमाने पंख्यावर चालत आणि एवढा वेग कुणाच्या स्वप्नातही नव्हता. त्यामुळे परिषद संपली आणि बाहेरचे बहुतेक लोक ती गोष्ट विसरले. जर्मनीत मात्र काम चालू राहिले.

अमेरिकेत तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली रॉबर्ट जोन्स यांनी, १९४५ च्या सुरुवातीला. या जोन्स यांची कहाणी आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. मिसुरी राज्यातल्या लहान गावचा हा मुलगा. कॉलेज अर्धवट सोडले, काही दिवस उडत्या सर्कशीच्या विमानांसोबत हिंडला, मग वॉशिंग्टनला सरकारी इमारतीत लिफ्ट चालवायची नोकरी धरली. गणित स्वतः पुस्तकांतून शिकला आणि संध्याकाळच्या वर्गांना बसला. पुढे ‘नॅका’ या सरकारी विमान-संशोधन संस्थेत लागला. हीच संस्था १९५८ मध्ये ‘नासा’ झाली. तिरक्या पंखाचा त्यांचा हिशेब वरिष्ठांपैकी काहींना आधी पटला नाही. प्रयोगात तो खरा ठरला तेव्हा पटला.

मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली. अमेरिकन शास्त्रज्ञांची एक तुकडी तिथल्या प्रयोगशाळांत पोचली तेव्हा तिरक्या पंखांच्या चाचण्यांचे कागदच कागद हाती लागले. त्या तुकडीत बोईंग कंपनीचे जॉर्ज शायरर होते. त्यांनी १० मे रोजी तिथूनच कंपनीला पत्र टाकले की पंखाचा हा प्रकार तपासून पाहा. बोईंगने आपल्या नव्या जेट बॉम्बफेकी विमानाचा सरळ पंखाचा आराखडा बाजूला ठेवला. नॉर्थ अमेरिकन या दुसऱ्या कंपनीने तर हातातले लढाऊ विमान सुमारे वर्षभर लांबणीवर टाकून त्याचा पंख बदलला. सरळ पंखाचे त्याचे भावंड ‘फ्युरी’ १९४६ मध्येच उडाले आणि लवकरच मागे पडले. वर्षभर थांबलेले विमान १ ऑक्टोबर १९४७ रोजी उडाले. तेच ‘एफ-८६ सेबर’, आपल्या काळातले सर्वात नावाजलेले लढाऊ विमान.

इथपर्यंत वाचून वाटेल की झाले, पंख झुकवला आणि काम फत्ते. पण तसे झाले नाही. खरी मेहनत इथून सुरू झाली.

तिरका पंख एक दुखणे बरे करतो आणि बदल्यात तीन नवी देतो. पहिले दुखणे टोकाचे. झुकलेल्या पंखावर हवा सरळ मागे न जाता थोडी टोकाकडे घसरते. विमान सावकाश होऊन नाक वर करते, किंवा वेगात जोराचे वळण घेते, तेव्हा टोकांजवळची हवा आधी सुटते आणि तिथली उचल आधी संपते. टोके तर मागच्या बाजूला. म्हणजे मागचा आधार गेला आणि पुढचा राहिला. मग विमानाचे नाक आपोआप आणखी वर जाते. वैमानिकाने सांगितलेले नसताना जाते. याला ‘पिच-अप’ म्हणतात.

दुसरे दुखणे डोलण्याचे. विमानाचे नाक जरा डावीकडे वळले की उजवा पंख वाऱ्याला जास्त समोरा येतो, त्याची उचल वाढते, विमान डावीकडे कलंडते. मग सावरताना उलट बाजूला जाते. असे ते बदकासारखे डोलत राहते. याचे नाव ‘डच रोल’. तिसरे दुखणे बिनशेपटीच्या विमानांचे. पंख मागे झुकलेलाच आहे तर मागच्या आडव्या शेपटीची गरज काय, पंखावरच्या पट्ट्यांनीच काम भागेल, असे तेव्हा अनेकांना वाटले. याचा परिणाम पुढे पाहूच.

हे सगळे जमिनीवरच्या वायुबोगद्यात तपासता आले नसते का? अडचण हीच होती. बोगद्यात मोठ्या पंख्याने वारा सोडून लहान नमुना तपासतात. पण त्या काळच्या बोगद्यांत वारा आवाजाच्या वेगाजवळ पोचला की नमुना आणि भिंती यांच्यामध्ये तो तुंबायचा आणि आकडे भरवशाचे राहायचे नाहीत. नेमका जो वेग समजून घ्यायचा तिथेच प्रयोगशाळा आंधळी. म्हणून आकाशालाच प्रयोगशाळा करावे लागले. खरे विमान, खरा माणूस, आणि विमानाच्या पोटात मोजमापाची यंत्रे. यालाच उड्डाण-संशोधन म्हणतात.

सुरुवात सावध होती. १९४६ मध्ये बेल कंपनीने पंख्यावर चालणाऱ्या जुन्या ‘किंगकोब्रा’ विमानाला ३५ अंश झुकलेले पंख लावून ‘एल-३९’ तयार केले. वेगाशी त्याला कर्तव्य नव्हते. असा पंख उतरताना, सावकाश उडताना कसा वागतो एवढेच पाहायचे होते. पंखाच्या पुढच्या कडेला सरकत्या पट्ट्या कुठवर लावाव्यात याचा अंदाज अशा उड्डाणांतून आला.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दुसराच प्रकार घडला. द हॅविलँड कंपनीने ‘डीएच-१०८’ नावाचे जेट बनवले. पंख खूप झुकलेले, आडवी शेपूट नाही. कंपनीचे संस्थापक सर जेफ्री द हॅविलँड, आणि मुख्य चाचणी वैमानिक त्यांचाच मुलगा, धाकटे जेफ्री. जगातला वेगाचा विक्रम मोडायची तयारी चालू होती. २७ सप्टेंबर १९४६ च्या संध्याकाळी सरावासाठी गेलेले विमान टेम्स नदीच्या मुखावर हवेतच मोडले. धाकटे जेफ्री गेले. सर जेफ्री यांचा आणखी एक मुलगा, जॉन, तीन वर्षांपूर्वीच विमान अपघातात गेला होता. एका बापाने आपल्याच कारखान्याच्या विमानांत दोन मुलगे गमावले.

कारण शोधायचे काम फार्नबरोच्या सरकारी संस्थेचे वैमानिक एरिक ब्राऊन यांच्याकडे आले. त्यांनी तशाच विमानातून त्याच वेगाकडे जायचे ठरवले, पण खुर्ची खाली घेऊन. आवाजाच्या वेगाजवळ पोचताच विमान इतक्या जोराने वरखाली हिंदकळू लागले की हनुवटी छातीवर आपटत होती. त्यांनी सावकाश वेग कमी केला आणि सुटले. ब्राऊन अंगाने लहानखुरे होते. पुढे ते सांगत, की उंची कमी म्हणून मी वाचलो. धाकटे जेफ्री उंच होते. त्यांचे डोके वरच्या काचेवर आदळले असावे, असा त्यांचा कयास होता.

‘डीएच-१०८’ची एकूण तीन विमाने बनली. त्यांपैकी एकाने सप्टेंबर १९४८ मध्ये जॉन डेरी यांच्या हाती सूर मारताना आवाजाचा वेग ओलांडलाही. पण १९५० च्या फेब्रुवारीत एक आणि मे महिन्यात दुसरे पडले. तिन्ही विमाने गेली आणि तिघे वैमानिक गेले.

आता अमेरिकेकडे वळू. तिथेही बिनशेपटीची कल्पना तपासायची होतीच. नॉर्थ्रॉप कंपनीने त्यासाठी ‘एक्स-४’ हे चिमुकले जेट बनवले. लांबी जेमतेम सात मीटर, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही कमी. दोन विमाने बनली, पहिले डिसेंबर १९४८ मध्ये उडाले. पहिल्यात सारखे बिघाड होत, म्हणून त्याचे भाग दुसऱ्यासाठी राखून ठेवले. दुसरे विमान नॅकाच्या हाती १९५० मध्ये आले, आणि ते सप्टेंबर १९५३ पर्यंत त्याला तपासत राहिले.

नॅकाचे हे ठाणे कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात म्युरॉक इथे होते. पुढे त्या हवाई तळाचे नाव एडवर्ड्स झाले. तेही एका चाचणी वैमानिकाचे नाव, १९४८ च्या अपघातात गेलेल्या. मैलोन्‌मैल पसरलेला सुकलेल्या तळ्याचा टणक तळ, हीच धावपट्टी. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बोचरा वारा, आणि बाराही महिने धूळ. वॉल्टर विल्यम्स या अभियंत्याने सप्टेंबर १९४६ मध्ये मोजक्या माणसांना घेऊन इथे काम सुरू केले.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आज एका वेगापर्यंत जायचे, तिथे विमान कसे वागते ते यंत्रांनी टिपायचे, आणि परत यायचे. मग ते आकडे पूर्ण वाचून होईपर्यंत थांबायचे. कागदावर सगळे ठीक दिसले तर पुढच्या खेपेला किंचित जास्त वेग. ठीक नसेल तर थांबायचे आणि विचार करायचे. अर्ध्या तासाच्या उड्डाणानंतर हिशेबाला दिवसच्या दिवस लागत.

हा हिशेब कोण करत होते, हे आपल्या मुलींना मुद्दाम सांगा. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ हे यंत्राचे नाव नव्हते, माणसाच्या हुद्द्याचे होते, आणि म्युरॉकला त्या हुद्द्यावर बायका होत्या. लँगलीच्या प्रयोगशाळेतून आलेल्या रोक्साना यान्सी त्यांच्या प्रमुख. विमानातल्या यंत्रांनी फिल्मवर काढलेल्या बारीक रेषा प्रकाशाच्या पेटीवर ठेवायच्या, एकेक रेषा मोजायची, तिचे दाबात, वेगात, जोरात रूपांतर करायचे, आकडेमोडीच्या यंत्रावर गुणाकार-भागाकार करायचे. वैमानिकाचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येत. पण पुढच्या उड्डाणाला जायचे की नाही, हे या बायकांच्या कागदांवर अवलंबून असायचे.

‘एक्स-४’चेही दुखणे ‘डीएच-१०८’सारखेच निघाले. मॅक ०.८८ च्या सुमारास विमान वरखाली हिंदकळू लागायचे. वैमानिकांनी त्याची तुलना खड्ड्या-खड्ड्यांच्या कच्च्या रस्त्यावरून गाडी हाकण्याशी केली. पण तिथवर ते एकेक पायरी चढत गेले होते, त्यामुळे धक्के सुरू होताच मागे फिरता येत होते. मग उपाय करून पाहिले. पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या झडपांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाच्या पट्ट्या बसवून ती कड जाड केली. वागणे थोडे सुधारले, पण मूळ दुखणे गेले नाही. शेवटी नॅकाने निष्कर्ष लिहिला, की तेव्हाच्या साधनांनी आवाजाच्या वेगाजवळ उडायला बिनशेपटीचे असे विमान योग्य नाही.

म्हणजे तीन वर्षांच्या मेहनतीचे उत्तर ‘नाही’ असे आले. पण ‘एक्स-४’वर कुणाचा जीव गेला नाही. दोन्ही विमाने आजही अमेरिकेत संग्रहालयांत जपलेली आहेत. दुखणे एकच, आकारही जवळपास एकच. एका ठिकाणी त्याची माहिती मिळवायला तीन माणसे गेली आणि दुसऱ्या ठिकाणी एकही नाही. इंग्लंडची माणसे निष्काळजी होती असे मी म्हणणार नाही. ते आधी गेले होते आणि पुढे काय आहे हे त्यांना सांगणारे कुणी नव्हते. नॅकाच्या लोकांसमोर त्यांचा अनुभव होता. पण विक्रमासाठी वेगाकडे धाव घेणे आणि समजून घेण्यासाठी पावलापावलाने त्याच वेगाकडे जाणे, यात जो फरक आहे तो इथे स्पष्ट दिसतो.

विक्रम नॅकाच्या खात्यावरही आहे. डग्लस कंपनीच्या ‘स्कायरॉकेट’ या ३५ अंश झुकलेल्या पंखाच्या विमानातून स्कॉट क्रॉसफिल्ड यांनी २० नोव्हेंबर १९५३ रोजी आवाजाच्या दुप्पट वेग गाठला. असे करणारे ते जगातले पहिले. पुस्तकांत हीच तारीख सापडते. पण ‘स्कायरॉकेट’ तीन होती, आणि तिसऱ्याचे काम वेगळेच होते. पिच-अपचा अभ्यास. वैमानिकाने मुद्दाम जोराचे वळण घ्यायचे, नाक आपोआप वर जाऊ लागले की ते मोजायचे, सावरायचे, परत यायचे. मग पंखावर एक बदल करायचा आणि पुन्हा जायचे. असे कित्येक वर्षे.

त्यातून काय कळले? पंखावर पुढून मागे उभ्या पट्ट्या, म्हणजे ‘कुंपणे’, लावली की टोकाकडे घसरणारी हवा अडते आणि पिच-अपमधून सावरायला चांगली मदत होते. पुढच्या कडेच्या सरकत्या पट्ट्या पूर्ण उघड्या ठेवल्या तर एक छोटा वेग-पट्टा सोडून पिच-अप जवळजवळ नाहीसा होतो. तिसरा उपाय होता पंखाच्या टोकाकडची पुढची कड थोडी बाहेर वाढवण्याचा. वायुबोगद्याने सांगितले होते की याचा फायदा होईल. उड्डाणात काहीच फायदा झाला नाही. एवढ्या एका आकड्यासाठी माणसाने खऱ्या विमानात बसून जाणे गरजेचे होते. बोगद्याच्या भरवशावर एखाद्या कारखान्याने शेकडो विमाने बनवली असती, तर त्याची किंमत कुणी मोजली असती?

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एम्स प्रयोगशाळेत नॅकाने ‘सेबर’ विमानांवर असेच काम केले. पंखावर पत्र्याचे छोटे छोटे तुकडे ओळीने उभे बसवले. प्रत्येक तुकडा हवेत लहानसा भोवरा तयार करतो आणि मंदावलेल्या हवेला पुन्हा जोर देतो. तिथले वैमानिक जॉर्ज कूपर यांना एक वेगळाच प्रश्न सतावत होता. एक वैमानिक म्हणतो, विमान बरे आहे. दुसरा म्हणतो, वाईट आहे. अभियंत्याने यातून काय घ्यायचे? कूपर यांनी १९५७ मध्ये यासाठी आकड्यांची एक पट्टी मांडली. विमान हाताळायला किती सोपे आणि किती अवघड, हे वैमानिकाने ठरलेल्या प्रश्नांच्या आधारे एका आकड्यात सांगायचे. १९६९ मध्ये रॉबर्ट हार्पर यांच्यासोबत त्यांनी ती सुधारली. आजही जगभर नवे विमान याच पट्टीवर तोलले जाते.

डोलण्याच्या दुखण्यावर औषध मिळाले ते बोईंगच्या ‘बी-४७’ या मोठ्या जेटवर. त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९४७ चे. पंख ३५ अंश झुकलेले, लांब, पातळ आणि लवचिक. ते डोलू लागले तेव्हा बोईंगच्या अभियंत्यांनी एक साधे यंत्र बसवले. विमानाचे नाक डावी-उजवीकडे फिरू लागले की एक भोवरा ते ओळखतो आणि उभ्या शेपटीवरचे सुकाणू लगेच उलट दिशेला किंचित हलवतो. वैमानिकाला काही करावे लागत नाही. ‘यॉ डॅम्पर’ नावाचे हे यंत्र आज बहुतेक सगळ्या प्रवासी जेट विमानांत असते. चहाचा कप समोर ठेवून आपण निवांत बसतो ते त्याच्या जिवावर.

‘बी-४७’च्या अनुभवातूनच ३५ अंश पंखाचे प्रवासी विमान ‘बोईंग ७०७’ आले आणि १९६० मध्ये ते एअर इंडियाने मुंबईत आणले. आपल्याकडचे जेट युग तिथून सुरू झाले. उतरायच्या वेळी विमानाच्या पंखाची पुढची कड सरकून पुढे येते, ते कधी पाहिले असेल. एल-३९ आणि ‘स्कायरॉकेट’वर तपासलेल्या त्या सरकत्या पट्ट्यांचेच हे वंशज.

भारतातही हे काम झाले, आणि ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. १९५६ मध्ये जर्मन रचनाकार कुर्ट टँक बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. झुकलेल्या पंखाचे भारतीय लढाऊ जेट ‘एचएफ-२४ मरुत’ बनवायचे होते. इंजिन लावलेले विमान थेट उडवण्याआधी आपल्या माणसांनी त्याच आकाराचे, त्याच मापाचे लाकडी ग्लायडर बनवले. त्याला नाव दिले ‘एक्स-२४१’. १९५९ मध्ये डकोटा विमानाने ते दोरीने ओढत वर नेले जाई आणि सोडून दिले जाई. इंजिनाशिवाय तरंगत खाली येताना आकार कसा वागतो ते तपासले गेले. मगच १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ‘मरुत’ पहिल्यांदा उडवले. हेच दास १० जानेवारी १९७० रोजी बंगळूरला ‘मरुत’च्याच सुधारित नमुन्याच्या चाचणीत गेले. सबुरीने धोका कमी होतो, संपत नाही. ज्यांच्या वाट्याला तो उरलेला धोका येतो, त्यांची नावे आपल्या मुलांना माहीत असायला हवीत.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. या सगळ्या कामाला पैसा आला तो लढाईच्या भीतीतून. ‘सेबर’ कोरियाच्या युद्धात लढले, ‘बी-४७’ अणुबाँब वाहून नेण्यासाठी होते. ज्ञान चांगल्या हेतूनेच जन्मते असे नाही. पण एकदा ते मिळाले आणि नीट लिहून ठेवले गेले, की ते कुणा एकाच्या मालकीचे राहत नाही. नॅकाचे बरेचसे अहवाल नंतर सर्वांसाठी खुले झाले आणि जगभरच्या विमान बनवणाऱ्यांनी ते वाचले. ज्या पंखाचा हिशेब शत्रूला गाठण्यासाठी केला गेला, तोच आज घरापासून दूर कमावणाऱ्या माणसाला सुट्टीत आईजवळ आणून सोडतो.

आपल्याकडे मुलगा प्रयोगवहीत चुकलेले उत्तर खोडून बरोबर छापील उत्तर लिहितो, आणि आपणही त्याला तेच शिकवतो. ‘एक्स-४’च्या लोकांनी तसे केले असते तर पुढच्या दहा कारखान्यांनी बिनशेपटीची विमाने बनवली असती आणि आणखी किती घरांत मातम झाला असता. त्यांनी ‘नाही’ हे उत्तर आकड्यांसकट लिहून ठेवले. घरातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एवढे जरूर सांगा: जे आले ते लिही, नको असलेले आले तरी लिही. ते कुणाच्या तरी कामी येणार आहे.